ओझानिराचा जुना नंबर

आमच्याकडे बाबासू नावाच्या ताडाची फळं कुणी एकटीनं फोडत नाही. बायका मातीत गोल करून बसतात, कुऱ्हाडीचा दांडा मांडीखाली दाबून पातं वर करतात, पात्यावर ते मुठीएवढं टणक फळ धरतात आणि लाकडी सोट्यानं हाणतात. ठोका चुकला तर बोट गेलंच म्हणून समजा. तरी नजर फळावर नसते. ती असते समोरच्या बाईच्या तोंडावर, कारण कुणाची सून माहेरी पळाली, कुणाचा नवरा कुठं पिऊन पडला, हे सगळं तिथंच निवडलं-पाखडलं जातं. म्हणून त्या वर्षी नदीपलीकडच्या ताडबनातून एकाच सोट्याचा आवाज यायला लागला तेव्हा रस्त्यानं जाणारी माणसं थबकायची. काहीजण छातीवर क्रूस काढायचे. मी थांबत नसे. तिथं कोण बसलंय ते मला ठाऊक होतं. ओझानिरा बास्तोस. आमच्या राज्याच्या विधानसभेची माजी आमदार, माझ्या धाकट्या लेकीची धर्ममाता, आणि म्हणून माझी कोमाद्रे, मी तिचा कोंपाद्रे.

मी जेनेझियो. भोंग्याची गाडी चालवतो. कुणी मेलं, मासळी स्वस्त झाली, सर्कस आली, निवडणूक लागली, की माझा भोंगा गावोगाव फिरतो. पैसे घेऊन मी कुणाचंही गुणगान केलंय, खोटं कशाला बोलू? फक्त ओझानिराचं फुकट केलं. ती गेल्या पावसाळ्यात गेली. जिच्यापायी तिनं तोंड शिवून घेतलं होतं ती जोवेलिना तर त्याआधीच गेली. आता कुणाचं काही बिघडायचं राहिलेलं नाही, म्हणून बोलतोय.

ओझानिरा फोडणाऱ्याच बाईची पोर. बाप माहीत नाही, आई कुऱ्हाडीवर वाकून वाकून अकाली गेली. पाद्रीबाबांच्या प्रार्थनागटात ती वाचायला शिकली आणि शिकली ती गप्प बसायचं विसरूनच. त्या दिवसांत डॉक्टर एवरार्दोनं ताडबनाला तारेचं कुंपण घातलं होतं. डॉक्टर म्हणजे दवाखान्यातला नव्हे. आमच्याकडे ज्याच्या नावावर क्षितिजापर्यंत जमीन, त्याला डॉक्टर म्हणायची रीत आहे. ताडं देवानं लावली, फळं बायकांच्या आज्या-पणज्यांनी वेचली, पण आता कुंपणाच्या आत पाय टाकला की डॉक्टरचे बंदूकवाले. जोवेलिनाचा पोरगा एलियास आईची टोपली बाहेर काढायला आत शिरला, तो तारेवरच ओणवा पडलेला सापडला. अंगावर गोळीची भोकं, आणि पोलिसांनी लिहिलं की तारेत अडकून मेला.

त्याला पुरलं त्या दिवशी ओझानिरा स्मशानाच्या भिंतीवर चढली आणि म्हणाली, "रडून झालं असेल तर ऐका. कायदा करायचा. ताड ज्याच्याही जमिनीत असो, फळ वेचणारीचं. कुंपण असलं तरी वाट सोडायची. आणि ताड तोडायचा नाही."

जोवेलिना म्हणाली, "कायदा काय चुलीवर शिजतो? कोण करणार?"

"मी करते."

"तू? अगं, तुझ्या घराला दार नाही अजून!"

सगळ्या बायका त्या स्मशानात हसल्या. पण पुढच्या निवडणुकीत तिला उभी केली ती याच जोवेलिनानं.

पक्ष कुठला, तर एक इवलासा. राजधानीत त्याचं कार्यालय एका चपलांच्या दुकानाच्या माडीवर होतं. मोठे पक्ष ओझानिराला दारात उभं करेनात, म्हणून हा. पण आमच्याकडे मत नावाला पडत नाही, नंबराला पडतं. मतदान यंत्रावर आकड्यांची बटणं असतात. उमेदवाराचा पाच आकडी नंबर दाबला की त्याचा फोटो येतो, मग हिरवं बटण. आमच्या म्हाताऱ्यांना आकडा वाचता येत नव्हता. कायद्यानं मत देणं सक्तीचं आहे, पण निरक्षर माणसानं दिलं नाही तरी चालतं, त्यामुळे मोठे पक्ष त्यांच्याकडे बघतही नसत.

ओझानिरानं काय केलं, मातीत फळं मांडली. तीन, तीन, तीन आणि खाली एक, यंत्रावर बटणं असतात तशी. म्हणाली, "वाचायचं नाही. हात न्यायचा. आधी मधल्या ओळीचं उजवं टोक. मग वर डावं. मग त्याच्या शेजारचं, दोनदा. मग मधल्या ओळीचं डावं." सहा, एक, दोन, दोन, चार. बायका फोडताना ठोक्यांवर म्हणायला लागल्या. पाच ठोके, एक फळ. महिनाभरात असं झालं की जोवेलिना डोळे मिटून, तोंडात चिरूट धरून फळांवर हात फिरवायची आणि एकदाही चुकायची नाही. मीही भोंग्यावर तोच ठेका लावला. लहान पोरं तो ठेका धरून दोरीवरच्या उड्या मारायची.

ती निवडून आली. आमच्या ताडबनातली बाई राजधानीत, साओ लुईसला, आमदार! गावात जी भाताची आणि तळलेल्या मासळीची पंगत बसली, तीत डॉक्टरचे गडीसुद्धा मागच्या दारानं जेवून गेले.

पुढची चार वर्षं तिनं कशी काढली ते गावाला कळलं नाही, कारण तिनं सांगितलं नाही. मी कधीमधी राजधानीत जायचो तेव्हा बघायचो. तिच्या पक्षाची ती एकटीच आमदार. बोलायला उभी राहिली की बाकीचे कॉफी प्यायला उठायचे. रिकाम्या खुर्च्यांना ती ताडांविषयी सांगायची, कागद न बघता, आणि लिहून घेणारा कारकून मान खाली घालून लिहायचा. पाठीमागं तिला 'दोना खोबरं', म्हणजे खोबरंबाई, म्हणत. विधानसभेच्या खाणावळीत तिच्या टेबलावर कुणी बसत नसे; दोन माणसांचं टेबल, समोरच्या खुर्चीवर ती पिशवी ठेवायची. मी विचारलं, "खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून काय?" तर म्हणाली, "पिशवीत तुझ्या कोमाद्रेचं डोकं आहे, कोंपाद्रे. सांभाळून बस." हसली, पण मला ते हसू आवडलं नाही. रविवारी ती भाड्याच्या खोलीत जमिनीवर बसून कपड्यांना इस्त्री करायची, रेडिओवर दुसऱ्याच राज्याच्या फुटबॉलचा सामना लावून. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. माणसांचा आवाज येतो म्हणाली.

तरी तिनं विधेयक रेटलं. याच्या हातापाया पडून, त्याला लाज वाटायला लावून, एकाला तर चर्चच्या पायऱ्यांवर गाठून. पहिल्या वाचनात ते मंजूर झालं. दुसरं वाचन व्हायचं होतं ते निवडणुकीनंतर, नव्या सभागृहात. म्हणजे तिनं परत निवडून येणं भाग होतं. तिच्याशिवाय त्या कागदाला वाली नव्हता.

आणि नेमका त्याच वेळी चपलांच्या दुकानावरचा पक्ष विकला गेला. डॉक्टर एवरार्दोनं पक्षाच्या अध्यक्षाला खिशात टाकलं आणि आपल्या मेव्हण्याला त्याच पक्षातून उभं केलं. अध्यक्ष ओझानिराला म्हणाला, "बाई, राजकारणात एका ताटात जेवावं लागतं."

ती म्हणाली, "ज्या ताटात एलियासचं रक्त आहे त्यात मी जेवत नाही." आणि पक्ष सोडला. सोडून गेली ती याहून लहान पक्षात. त्याला तर माडीसुद्धा नव्हती.

पक्ष बदलला की नंबराचे पहिले दोन आकडे बदलतात, कारण ते पक्षाचे असतात. शेवटचे तीन उमेदवाराला निवडता येतात. इथं ओझानिरा चुकली. तिला वाटलं, म्हाताऱ्यांना सोपं जावं. शेवटचे तीन तेच ठेवले. दोन, दोन, चार. बदललं फक्त सुरुवातीचं: सहा, एक जाऊन आठ, सात आले. सगळाच नवा नंबर घेतला असता तर हातांनी नवं वळण घेतलं असतं. पण अर्धं जुनं, अर्धं नवं म्हटल्यावर हात जुन्याच वाटेनं जाणार. हे आज मी शहाणपणानं सांगतोय, तेव्हा मीसुद्धा म्हणालो होतो, "वा कोमाद्रे, डोकं लावलंस."

परत मातीत फळं मांडली, परत ठोके बदलले. बायका नवा नंबर म्हणायच्या, ओझानिरासमोर बरोबर दाखवायच्याही. जोवेलिना वैतागून म्हणाली, "किती घोकून घेशील? हाताला कळतं आता. आम्ही काय शेळ्या आहोत?" ओझानिरानं नंबर छापलेली चिठ्ठी प्रत्येकीला दिली. तिच्या मानापोटी सगळ्यांनी ती चोळीत जपून ठेवली. मतदानाच्या दिवशी कुणी काढली नाही, वाचता कुठं येत होतं?

मतदान शाळेत. माझ्या गाडीतून मी म्हाताऱ्यांना नेलं, भोंगा बंद करून, कारण त्या दिवशी प्रचाराला बंदी असते. एकेक आत जायची, हिरव्या बटणाचा तो आवाज यायचा, बाहेर येताना मान ताठ. जोवेलिना बाहेर आली आणि मला म्हणाली, "एलियासचं काम करून आले."

त्या दिवशी त्या शाळेच्या अंगणात आमच्याइतकं सुखी कुणी नव्हतं.

संध्याकाळी मतदान संपलं की यंत्रातून निकालाची पट्टी निघते आणि शाळेच्या दाराला चिकटवतात. मी आणि ओझानिरा वाचायला गेलो. तिच्या नव्या नंबरापुढं मूठभर मतं. जुन्या पक्षाच्या नुसत्या नावापुढं ढीगभर. मला आधी कळेना. तिला कळलं. पहिले दोन आकडे पक्षाचे बरोबर असतील आणि पुढचा नंबर कुणाचाच नसेल, तर यंत्र ते मत फेकत नाही, पक्षाच्या खात्यात टाकतं. फोटो येत नाही, नुसती अक्षरं येतात. अक्षरं कोण वाचणार? म्हाताऱ्यांच्या हातांनी डोळे मिटून जुना ठेका धरला होता. सहा, एक, दोन, दोन, चार, हिरवं.

रात्रीपर्यंत निरोप आले, नदीकाठच्या सगळ्या गावांत तेच झालं होतं. आमच्याकडे पक्षाच्या एकूण मतांवर जागा मिळतात. त्या मतांनी जुन्या पक्षाला एक जागा मिळाली आणि ती डॉक्टरच्या मेव्हण्याला गेली. ओझानिरा पडली.

ती शाळेच्या पायरीवर बसली. मी म्हणालो, "उद्या सगळ्यांना बोलावून सांगू. चूक झाली, माणसं आहेत."

"काय सांगशील?"

"खरं ते."

"जोवेलिनाला सांगशील? तुझ्या पोराला मारणाऱ्याचा मेव्हणा तू आमदार केलास म्हणून?"

मी परत त्या पट्टीकडे बघितलं.

"तिला एवढंच एक समाधान आहे, कोंपाद्रे. की तिनं आपलं काम केलं. ते मी तिच्याकडून काढून घेणार नाही. तूही घेणार नाहीस. तुझ्या पोरीची शपथ घेऊन सांग."

मी शपथ घेतली. आजही मला त्या शपथेचा राग आहे.

कारण पुढं काय झालं ते ऐका. बायका काही खुळ्या नव्हत्या. शाळेतल्या मास्तरनं पट्टी वाचून दाखवली: आपल्या शाळेतून डॉक्टरच्या पक्षाला एवढी मतं, ओझानिराला एवढीशी. बायका म्हणाल्या, आम्ही सगळ्यांनी तर तिलाच दिलं. मग आमची मतं तिकडं गेली कशी? डॉक्टरचा मुकादम दारूच्या गुत्त्यावर बसून हसत म्हणाला, "अहो, तिनं आधीच सौदा केला होता. वेगळी चूल मांडली ती उगाच का? तुमची मतं विकली तिनं." ज्यांना दुसरं कारण सापडत नव्हतं त्यांनी हे धरलं. नवल नाही. पण चीड येते. जिच्या खोलीत खुर्चीसुद्धा नव्हती तिनं मतं विकली!

त्या मला विचारायला आल्या. मी म्हणालो, "ती तसली नाही." त्यांनी विचारलं, "मग काय झालं ते सांग." मी भोंगेवाला, अख्ख्या तालुक्याला ऐकू जाईल असा माझा गळा, आणि माझी वाचा बसली. गप्प राहिलो तेव्हा त्यांना वाटलं मीही वाटेकरी.

ओझानिरा गावात परत आली. आमच्याकडे थोरांना भेटलं की आधी आशीर्वाद मागायचा आणि थोरानं "देव भलं करो" म्हणायचं. वैऱ्यालाही हे कुणी नाकारत नाही. ती जोवेलिनाच्या दारात गेली, म्हणाली, "मावशी, आशीर्वाद दे." जोवेलिना मासा साफ करत होती. करत राहिली. ओझानिरा उभी राहिली, उन्हात, बराच वेळ. मग परत फिरली. त्यानंतर वाटेत भेटली की ती आशीर्वाद मागायची आणि जोवेलिना मान वळवायची. बाकीच्या बायका जोवेलिनाचं बघून चालायच्या.

नव्या सभागृहात विधेयक मेलं. मेव्हण्यानं त्याच्यावर तोंडसुद्धा उघडलं नाही, विरोधात नुसता हात वर केला. कुंपणं पुढं सरकली, ट्रॅक्टरनं ताडं पाडली. बायका दूरच्या, दगडाळ रानातून वेचायला लागल्या.

ओझानिरानं पुढं एकदा नगरपालिकेला उभं राहून पाहिलं. मी भोंगा घेऊन फिरलो, लोकांनी दारं लावून घेतली. राजधानीतल्या नव्या पक्षानं तिला वर्षातून एकदा बोलवायचं, मंचावर कडेला बसवायचं, आणि 'लढाऊ भगिनी' म्हणून टाळ्या वाजवायच्या. येण्याजाण्याच्या भाड्याचं कुणी विचारत नसे. शेवटी तिनं आईची कुऱ्हाड काढली आणि नदीपलीकडे जाऊन एकटीच फोडायला बसली. बायकांच्या गोलात जाऊन बसली होती आधी. ती बसली की एकेक उठून जायची. तिसऱ्यांदा ती स्वतःच उठली, म्हणाली, "बसा तुम्ही. मी जाते. तुमची मजुरी का बुडवू?"

मी तिच्याकडे कॉफी घेऊन जायचो. भांडायचो. "एका वाक्याचं काम आहे, बाई! एक वाक्य बोल आणि परत माणसांत ये."

ती म्हणायची, "मी सभागृहात चार वर्षं एकटी बसले ना? सवय आहे."

"खोटं बोलतेस."

"हो," ती म्हणाली. "नाही सवय होत. कॉफी ओत."

एकदा मात्र तिनं सोटा खाली ठेवला आणि म्हणाली, "कोंपाद्रे, मला त्यांचं हसू आठवतं रे. स्मशानात हसल्या होत्या ना माझ्यावर, तसं. कुणीतरी माझी थट्टा करावी असं वाटतं." मी थट्टा करायला गेलो, पण मला एकही सुचली नाही.

अशी वर्षं गेली. मग जोवेलिना झोपाळ्याला खिळली; आमच्याकडे झोपायला खाट नसते, दोरांवर टांगलेली कापडी झोळी असते. पोट फुगलं होतं, पाय सुजले होते. पाद्रीबाबा येऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी तिच्या सुनेनं माझ्याकडे निरोप धाडला: ओझानिराला घेऊन या, सासूबाई बोलावतात.

ओझानिरा गाडीत येऊन बसली. धुतलेला झगा घालून आली होती, विधानसभेत घालायची तो. माझ्या मनात आलं, आज फिटेल सगळं. म्हातारीला कळलं असेल. कुणीतरी सांगितलं असेल. देवा, कुणीतरी सांगितलेलं असू दे.

जोवेलिना झोपाळ्यात पडून होती. डोळे अजून तसेच, कोंबडीवर नजर ठेवल्यासारखे. म्हणाली, "बस. तू म्हातारी झालीस गं."

"हो, मावशी."

"पाद्री म्हणाले, मनात काही ठेवून मरू नकोस. बाकी सगळं काढलं. सुनेला माफ केलं, नवऱ्याला केलं, त्या दळभद्र्या मुकादमालासुद्धा केलं. तू तेवढी अडकून राहिलीस."

ओझानिरानं मान खाली घातली.

"किती घेतलेस ते मला नको सांगूस," जोवेलिना म्हणाली. "पण का, ते सांग. पोरी, मी तुला निवडणुकीला उभी केली. आम्ही सगळ्यांनी तुझ्यासाठी हिरवं दाबलं. तू आम्हाला का विकलंस?"

मी पुढं झालो. शपथ गेली चुलीत, असंच माझ्या मनात होतं. ओझानिरानं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. माझे पाय जागीच राहिले.

मग ती जोवेलिनाला म्हणाली, "भ्याले, मावशी."

"कशाला भ्यालीस?"

"बंदूकवाल्यांना. एलियाससारखं आपलं होईल म्हणून."

जोवेलिनानं मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाली, "भीती तर मलाही वाटायची गं. यायचंस ना माझ्याकडे. आम्ही झोपलो असतो तुझ्या दारात, सगळ्याजणी." तिनं उजवा हात वर उचलला. जुन्या नंबरावरून फिरलेला तोच हात. बोटं वाकडी झाली होती, कुऱ्हाडीनं एकाचं टोक नेलेलं होतं. तो तिनं ओझानिराच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "जा. माफ केलं."

ओझानिरा झोपाळ्याच्या काठावर डोकं टेकून रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. निकालाच्या पट्टीसमोरही नाही. जोवेलिनाला वाटलं, बाईला पश्चात्ताप झाला. ती तिला थोपटत राहिली.